सत्राचे शेवटचे पंधरा दिवस आणि आपली विशेष मुलं (नाशिक)

मखमलाबादची_आई

नमस्कार. नाशकातल्या विशेष शाळांत ज्यांची मुलं आहेत ते पालक, तिथले शिक्षक, मदतनीस ताया, थेरपिस्ट अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. विशेष गरजा असलेलं मूल साध्या शाळेत जात असेल तरी जरूर लिहा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. स्वमग्न आहे. मोजके शब्द बोलतो, बाकी चित्रांच्या कार्डांवरून सांगतो. वर्गात भिंतीवर त्याचं चित्रवेळापत्रक आहे: प्रार्थना, हजेरी, मणी ओवणे, डबा, झोपाळा, गाडी. एकेक काम झालं की तो ते कार्ड काढून खालच्या पाकिटात टाकतो. जून ते मार्च हे छान चालतं. गुढीपाडवा झाला की चित्र बदलतं. स्नेहसंमेलनाच्या तालमी, सजावट, ग्रुप फोटो, सहल, पालकसभा, आणि मग १ मेच्या आसपास प्रगतिपुस्तक. भिंतीवरची कार्डं तशीच राहतात आणि दिवस मात्र त्यांच्याप्रमाणे जात नाही. मूल येऊन कार्डाकडे बघतं, कार्डावर मणी आहेत, आणि त्याला हाताला धरून हॉलमध्ये नेलं जातं. तिथे स्पीकर लावलेला असतो.

दुसऱ्या मुलांना हे दिवस मोकळीक वाटतात. आमच्याकडे याच दिवसांत झोप उडते, जेवण कमी होतं, हात चावणं परत सुरू होतं. आणि मग लगेच सुटी. दीड महिना शाळाच नाही.

मला शाळेवर टीका करायची नाही. आमच्या ताया जीव लावून काम करतात, ते मी रोज बघते. पण मला मनापासून वाटतं की सत्राचा शेवट हा मुलाच्या शिकण्याचाच भाग असायला हवा. वर्षभर जे हाताला वळण लागलं ते वापरून दाखवायची ही वेळ. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी वेगळंच उभं करायचं आणि त्यापायी मुलाचा रोजचा आधार काढून घ्यायचा, हे मला पटत नाही.

या आठवड्यात मुख्याध्यापिकांना भेटणार आहोत, आम्ही चार-पाच पालक मिळून. नुसती तक्रार घेऊन जायचं नाहीये. तुमच्या शाळेत काय चांगलं झालं, कोणता उपक्रम मुलांना खरोखर झेपला, सुटीची तयारी कशी करून घेतली, हे सविस्तर लिहाल का?

म्हसरूळकर

वाचतोय. आमच्याकडेही हेच दिवस सगळ्यात अवघड जातात.

वर्गताई

मी विशेष शिक्षिका आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत. तुमचं लिखाण वाचून आधी शाळेच्या आतली बाजू सांगावीशी वाटली, कारण मुख्याध्यापिकांशी बोलताना ती माहीत असलेली बरी.

एप्रिलमध्ये आम्हाला प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचं वार्षिक मूल्यमापन पुरं करायचं असतं. कोणतं उद्दिष्ट स्वतंत्रपणे जमतं, कोणतं सूचना देऊन, कोणतं हाताला धरून, हे सगळं मुलागणिक लिहायचं. त्यातच कार्यक्रमाची तयारी. उन्हामुळे शाळा सकाळची होते, म्हणजे वेळही कमी. एखादी मदतनीस ताई गावी गेली की शौचाला नेणं, भरवणं हे सगळं उरलेल्यांवर. अशा वेळी भिंतीवरची कार्डं बदलायचं काम मागे पडतं. समजून घ्या एवढंच म्हणते, याचा अर्थ ते योग्य आहे असा नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. दिवसाची दोन टोकं घट्ट बांधून टाकली. सकाळची प्रार्थना, हजेरी, वार आणि हवामानाचा तक्ता, आणि शेवटी डबा, हात धुणं, दप्तर भरणं. यांना एप्रिलमध्येही कोणी हात लावायचा नाही. नवीन जे काही असेल ते मधल्या एकाच तासात. आणि त्या तासासाठी एक केशरी कार्ड, ‘बदल’ नावाचं. महत्त्वाचं हे की ते कार्ड आम्ही जूनपासून वापरतो, गोड बदलांसाठी. आज मण्यांऐवजी फुगे, आज झोपाळ्याआधी खाऊ. त्यामुळे एप्रिल येईपर्यंत केशरी रंग दिसला की मूल घाबरत नाही. एप्रिलमध्ये पहिल्यांदा ते कार्ड काढाल तर मात्र उपयोग होणार नाही.

आता उपक्रमाचं. गेली काही वर्षं आम्ही सत्राच्या शेवटी पन्ह्याचा स्टॉल लावतो. हे मी जरा लांबवून लिहिते, कारण यात प्रत्येक मुलाला जागा मिळते.

कैऱ्या आणण्यापासून सुरुवात. मोठ्या गटातली मुलं बाजारात येतात, चित्रयादी बघून कैऱ्या, गूळ, वेलची घेतात. कुकर आम्ही लावतो. उकडलेल्या कैरीचा गर काढायचं काम ज्यांना ओलं-चिकट आवडतं त्यांच्याकडे. ज्यांना बोटाला चिकट लागलेलं सहन होत नाही त्यांना त्या कामाला बसवायचंच नाही, त्यांच्याकडे ढवळायचा डाव. गूळ मोजायच्या वाटीवर लाल चिकटपट्टीची खूण असते, खुणेपर्यंत भरायचं, अंक येत नसले तरी चालतं. वेलची कुटायला खलबत्ता. हे काम त्या मुलाला, ज्याला सतत काहीतरी दाबायला, ढकलायला, आपटायला हवं असतं. एरवी जो टेबलं ढकलतो तो खलबत्त्यासमोर वीस मिनिटं शांत बसतो, हे मी दरवर्षी बघते. ग्लासवरही खूण असते. पैशांसाठी पाटीवर दहाच्या नोटेचं चित्र. ग्राहकाने तीच नोट द्यायची, सुटे परत करायचा गोंधळ नाही.

आमच्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलता येत नाही, हाताची हालचालही फार थोडी. त्याच्या खुर्चीच्या ट्रेवर आवाज साठवणारं मोठं बटण असतं. दाबलं की वर्गमित्राच्या आवाजात ‘पन्हं घ्या, गार पन्हं!’ असं ऐकू येतं. स्टॉलचा आरडाओरडा सगळा त्याच्याकडे. लोक त्याच्याच हाकेने येतात.

पालक एकदम येत नाहीत. वर्गवार, छोट्या तुकड्यांनी. आधी पन्हं विकत घ्यायचं, मग वर्गात जाऊन मुलाचं वर्षभराचं काम बघायचं. ज्या मुलाला गर्दी नको तो आतल्या खोलीत ग्लास पुसत असतो, आणि त्याचे आईबाबा तिथे जाऊन बघतात.

या एका उपक्रमात माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आराखड्यातलं काही ना काही उद्दिष्ट तपासून होतं. मूल्यमापन वेगळं बसून करावं लागत नाही. मुख्याध्यापिकांना हा मुद्दा जरूर सांगा, त्यांना पटेल.

धाकटी_बहीण

ताई, बटणाची कल्पना किती छान! खलबत्त्याचं तर माझ्या दादाला तंतोतंत लागू.

सातपूरचे_बाबा

मला वेगळं मत मांडायचं आहे. राग मानू नये.

माझी मुलगी चौदा वर्षांची. डाऊन सिंड्रोम. तिला नाचायला प्रचंड आवडतं. स्टेज, झगमग, टाळ्या, सगळं. वर्षातून एकदा हॉल घेऊन स्नेहसंमेलन होतं तेव्हा माझे भाऊ-वहिनी येतात, कंपनीतले मित्र येतात. एरवी घरच्या लग्नात हीच माणसं ‘तिला कशाला आणलं, दमेल ना ती’ म्हणतात. त्या दिवशी ती पुढच्या रांगेत नाचते आणि तेच उभे राहून टाळ्या वाजवतात. पन्ह्याच्या स्टॉलला ते येणार नाहीत. शाळेच्या आवारात दहा रुपयांचं पन्हं प्यायला कोण रजा काढतं?

आमच्या मुलांना घरात लपवायची सवय समाजाला होतीच. नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं तेव्हा पालकांना मूल शाळेत पाठवायला तयार करण्यापासून सुरुवात करावी लागली असणार. मुलं लोकांसमोर आली ती अशा माणसांच्या कष्टांमुळे. आता त्रास होतो म्हणून स्टेजच काढून टाकायचं म्हणाल तर मी त्याच्या विरोधात आहे.

मखमलाबादची_आई

सातपूरचे बाबा, राग कसला. तुमच्या मुलीचं स्टेज काढून घ्यावं असं मला स्वप्नातही वाटणार नाही. माझा प्रश्न एवढाच की स्टेज ज्याला हवं त्याला मिळावं, आणि ज्याला नको त्याचा दिवस वाया जाऊ नये. आमच्याकडे ‘सगळी मुलं स्टेजवर आलीच पाहिजेत’ असा आग्रह असतो. मागे एका कार्यक्रमात माझ्या मुलाला कान झाकून स्टेजच्या कडेला बसवलं होतं आणि निवेदनात त्याचं नाव ‘सहभागी’ म्हणून घेतलं. त्यात तो सहभागी कुठे होता?

वर्गताई

बाबांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. समाजासमोर येणं हा मुलांचा हक्क आहे. आम्ही हॉलमधला कार्यक्रम बंद केला नाही, तो डिसेंबरमध्ये हलवला, ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास. तेव्हा हवा थंड असते, सत्राच्या मध्यावर असल्याने शाळा सुरळीत चालू असते, नंतर पुन्हा रोजच्या लयीत यायला मुलांना वेळ मिळतो. आणि पाहुणेही जास्त येतात. एप्रिलच्या उन्हात, सुटीच्या तोंडावर, तालमीने थकलेल्या मुलांकडून ते करून घेण्यात काही हशील नाही.

सातपूरचे_बाबा

डिसेंबरची कल्पना चांगली आहे. हे मी आमच्या शाळेत मांडतो.

थेरपीवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, गंगापूर रोडला काम करते. कार्यक्रम एप्रिलमध्ये असो की डिसेंबरमध्ये, सुरक्षेच्या काही गोष्टी लिहून ठेवते. या बाबतीत पालकांनी भीड ठेवू नये, स्पष्ट विचारावं.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. त्यामुळे कोलांटी, डोक्यावर उभं राहणं, मनोऱ्यात वर चढवणं, मान झटकून मागे टाकणाऱ्या स्टेप्स हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाचात घेऊ नये. चालण्यात अचानक फरक, मान दुखणं, हात-पायांत अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं असं दिसलं तर तालीम थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे. सातपूरचे बाबा, हे तुमच्यासाठी मुद्दाम. घाबरू नका, मुलीला नाचू द्या, फक्त नाच बसवणाऱ्याला हे सांगून ठेवा.

फिट येणाऱ्या मुलांपैकी थोड्यांना लुकलुकणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो. मंडपवाले भराभर उघडझाप होणारे लाइट हौसेने लावतात. ते नकोत म्हणून आधीच सांगायचं. तालमीच्या धावपळीत फिटच्या औषधाची वेळ चुकता कामा नये. झोप कमी होणं आणि डोस चुकणं ही फिट येण्याची नेहमीची कारणं आहेत.

फुगे. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीच्या कण्यातला दोष) असलेल्या मुलांमध्ये लेटेक्स रबराची अ‍ॅलर्जी बऱ्यापैकी आढळते. सजावटीला कागदी पताका लावाव्यात. फुटण्याच्या आवाजाला घाबरणारी मुलंही सुटतील.

खाऊ. पन्हं छान, पण ज्याला पातळ द्रव गिळताना ठसका लागतो त्याच्यासाठी गर दाट ठेवा, चमच्याने द्या. त्याचा आहार त्याच्या थेरपिस्टने सांगितला असेल तसाच, सण असो नसो. चिक्की, फुटाणे, अख्खी द्राक्षं वर्गात सरसकट वाटू नका.

कपडे. भाड्याचा जरीचा पोशाख कित्येक मुलांना अंगावर अक्षरशः टोचतो. आतून मऊ सुती बनियन घाला, कॉलरची लेबलं कापा. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ घालून बघा. मेकअप नको म्हणाला तर नको.

आणि एक शांत खोली. हॉल बघायला जाल तेव्हा आधी हे बघा. पंखा, सतरंजी, मंद उजेड, एक ओळखीचं माणूस. शिक्षा म्हणून तिथे कोणाला न्यायचं नाही. मुलाला ती खोली कार्यक्रमाच्या आधीच दाखवलेली हवी, म्हणजे तो स्वतः कार्ड दाखवून मागू शकतो.

ढोलवादक_नाशिक

मी पथकात वाजवतो. हा धागा बहिणीने पाठवला, तिचा मुलगा अशाच शाळेत आहे.

आम्हाला शाळा बोलावतात तेव्हा पूर्ण पथक घेऊन या म्हणतात. ताशाचा आवाज बंद आवारात मोठ्या माणसालाही सोसत नाही. मागे एका शाळेत आम्ही एकच ढोल नेला आणि वाजवायच्या आधी जमिनीवर आडवा ठेवला. मुलांनी येऊन ढोलाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या पडद्यावर, हात ठेवले, मी दुसऱ्या बाजूने बोटांनी हळू वाजवलं. ऐकू न येणाऱ्या मुलांना हातातून ठेका कळत होता, ती लगेच पायाने धरायला लागली. ज्यांना लांब राहायचं होतं ती लांब राहिली, मग हळूहळू दोन-तीन जवळ आली. कोणाला पथक हवं असेल तर असं करायला आम्ही आनंदाने येऊ. ताशा आणणार नाही.

मखमलाबादची_आई

दादा, हे वाचून फार बरं वाटलं. नक्की संपर्क करते.

पंचवटी_आजोबा

माझी नात विशेष शाळेत आहे. सहलीबद्दल दोन शब्द लिहितो.

पूर्वी शाळेची सहल म्हणजे बस करून लांब कुठेतरी. नातीला तीन तास बसमध्ये बसवून नेलं की पोहोचेपर्यंत ती रडकुंडीला येई. आता तिच्या वर्गशिक्षिकेने वेगळी पद्धत काढली आहे. सिटीलिंकच्या म्हणजे शहर बसने जायचं, इथल्या इथे. थांब्यावर उभं राहणं, बसचा नंबर ओळखणं, वाहकाला ठिकाण सांगणं, तिकीट सांभाळणं, उतरताना घाई न करणं, हीच सहल. आधी दोन आठवडे वर्गात खुर्च्या मांडून बस-बस खेळतात. मला हे अतिशय आवडलं. ही मुलगी उद्या मोठी होणार आहे, आणि आम्ही काही जन्माला पुरणार नाही. तिला बसने जाता आलं पाहिजे.

बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार भरतो तिथे त्यांना नेतात, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. प्रत्येकाच्या हातात एका भाजीचं चित्र आणि पैसे. नातीने मेथीची जुडी आणली होती, घरी येऊन स्वतः निवडली.

एक सूचना. चैत्रात रामनवमी आणि नंतर कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. त्या दिवसांत पंचवटीकडे सहल ठेवू नका. रस्ते बंद, गर्दी, वाद्यं. मुलांना रथाची गोष्ट सांगायची असेल तर वर्गात पुठ्ठ्याचा रथ करून त्याला दोरी बांधा. ओढायला मुलांना फार आवडतं.

आणि पांडवलेणी. वर जायला खूप पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची जात नाही. पायथ्याशी फाळके स्मारकाचा परिसर आहे, पण जिथे जायचं तिथे आधी एका शिक्षकाने स्वतः जाऊन उतार, स्वच्छतागृह आणि सावली बघून यावं. फोनवर ‘हो हो, सगळी सोय आहे’ असं सांगतात. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

दिंडोरी_द्राक्षबाग

आमच्या बागेत दोन शाळांची मुलं येऊन गेली आहेत. कोणाला यायचं असेल तर स्वागत आहे, पण वेळेचं बघा. एप्रिलच्या शेवटी बहुतेक बागा खाली झालेल्या असतात. फेब्रुवारी-मार्चला या. त्या सुमारास घड काढणं, रंगाप्रमाणे वेगळे करणं, पेटीत कागद घालून भरणं ही सगळी कामं चालू असतात. मुलांना पेटीत घड लावायचं काम सगळ्यात आवडलं. एक मुलगा असा नीट भरत होता की आमच्या मजूर बायका थांबून बघायला लागल्या.

बागायतदाराला फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय मुलांना आत नेऊ नका. फवारलेल्या प्लॉटमध्ये ठरावीक दिवस जायचं नसतं. द्राक्षं धुऊनच द्यायची, आणि वर थेरपीवाल्या ताई म्हणाल्या ते खरं आहे, लहान मुलांना अख्खा मणी देऊ नका, उभा चिरून द्या.

क्रीडाशिक्षक_नाशिकरोड

क्रीडादिनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सत्राच्या शेवटी धावण्याची शर्यत लावतात आणि तीच ती तीन मुलं जिंकतात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धांत, यावर चांगली पद्धत आहे. आधी चाचणी फेरी घेतात, त्यातल्या वेळेवरून जवळपास सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे छोटे गट करतात, आणि मग गटात स्पर्धा. त्यामुळे सगळ्यात हळू धावणाऱ्या गटातही खरी चुरस असते. शाळेत हे करायला काही खर्च नाही, फक्त एक दिवस आधी वेळ नोंदवायची.

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांना टाळ्या वाजवायला बसवू नका. बोचिया नावाचा खेळ आहे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठीच सुरू झाला, १९८४ पासून पॅरालिम्पिक्समध्ये आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. ज्याला हाताने फेकता येत नाही तो उतारावरून सोडतो. आम्ही पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून उतार केला आणि जुन्या मोज्यांत तांदूळ भरून चेंडू शिवले. सावलीत, व्हरांड्यात खेळता येतो. एप्रिलच्या उन्हात मैदानावर कोणालाही पळवू नका, फिटची औषधं घेणाऱ्या मुलांना तर नकोच.

वर्गताई

सर, मोज्यांचे चेंडू उद्याच शिवायला घेते.

लेकीची_आई

मला वेगळ्या निरोपाबद्दल लिहायचं आहे. माझी मुलगी यंदा अठरा वर्षांची झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा झाली आणि शाळा संपली. शेवटच्या दिवशी तिला फुलं दिली, केक कापला, फोटो काढले. सगळे रडले. तिला मात्र कळलंच नाही की सोमवारी गाडी येणार नाही. सोमवारी ती गणवेश घालून गेटपाशी उभी राहिली. मंगळवारी पण.

ज्या शाळांत अठरा पूर्ण होणारी मुलं आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. निरोपाचा उपक्रम शेवटच्या दिवसाचा ठेवू नका, तो निदान सहा महिने चालू द्या. पुढे ती जिथे जाणार, कार्यशाळा असो, घरचा व्यवसाय असो, तिथे शाळेच्याच ताईंबरोबर आठवड्यातून एक दिवस जाऊ द्या. मग दोन दिवस. म्हणजे शाळा संपते तेव्हा दुसरं काहीतरी आधीच सुरू झालेलं असतं.

नंतर आम्ही एका ताईंच्या मदतीने तिचं ‘माझ्याबद्दल’ पुस्तक केलं. मोजकीच पानं, तिचेच फोटो. मला काय आवडतं. मी ‘नको’ कसं म्हणते. मला कशाची भीती वाटते. मी दमले की काय करते. मला कोणती मदत लागते आणि कोणती लागत नाही. पाळीच्या वेळी काय लागतं. कार्यशाळेतल्या नव्या ताईंनी ते वाचलं आणि पहिल्या आठवड्यातच त्यांची हिच्याशी गट्टी जमली. हे पुस्तक प्रत्येक मुलाचं प्रत्येक सत्राच्या शेवटी का होऊ नये? मुलालाच फोटो निवडू द्यायचे. वर्ग बदलला की ते पुस्तक पुढच्या ताईंकडे.

कागदपत्रांचंही सांगते, कारण शाळेतून कोणी सांगितलं नव्हतं. अठरा झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) मुदतही तपासून घ्या. मेच्या सुटीत ही कामं सुरू करा. शेवटच्या पालकसभेत शाळांनी यावर अर्धा तास ठेवला तर केवढे हेलपाटे वाचतील.

सातपूरचे_बाबा

ताई, माझी चौदाची आहे. आतापासून तयारी करतो. ‘सोमवारी गेटपाशी’ वाचून पुढे वाचवेना.

धाकटी_बहीण

मी कॉलेजला आहे. दादाला डाऊन सिंड्रोम आहे. शाळेच्या शेवटच्या दिवशी भावंडांनाही बोलवा असं सांगायचं आहे. आईबाबांना बोलावतात, आम्हाला कोणी विचारत नाही. एका वर्षी त्याच्या शाळेने भावंडांचा दिवस ठेवला होता. तिथे माझ्यासारखी इतकी मुलं आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. त्यातल्या दोघी अजून माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी आहेत. दादा वर्गात बाकीच्यांना पाणी वाढतो, त्याचं ते काम आहे, हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. आता घरीही तोच वाढतो.

म्हसरूळकर

सुटीचं कोणीतरी लिहा. दीड महिन्यात मागे पडतं सगळं.

वर्गताई

लिहिते. आम्ही प्रत्येकाला सुटीची पिशवी देतो. त्यात अभ्यास नसतो. चित्रवेळापत्रकाची घरची आवृत्ती असते, मोजकी कार्डं: दात घासणे, नाश्ता, काम, खेळ, आंघोळ. ‘काम’ म्हणजे घरातलं एक ठरलेलं काम, मुलागणिक वेगळं. मटार सोलणं, घड्या घालणं, झाडांना पाणी. रोज तेच, रोज त्याच वेळी. दहा नवीन गोष्टी शिकवायला जाऊ नका, एक जमलेली टिकवा. मामाच्या गावाला गेलात तरी कार्डं बरोबर न्या.

सोबत १५ जूनपर्यंतचं मोठं कॅलेंडर, रोज रात्री एक चौकोन खोडायचा. शाळा सुरू व्हायच्या चौकोनात शाळेच्या गेटचा फोटो चिकटवलेला. तारीख पुढेमागे झाली तर आम्ही घरी कळवतो, फोटो सरकवायचा.

आणि सुटीच्या आधीच नव्या वर्गाची ओळख. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मूल रोज थोडा वेळ नव्या वर्गात जाऊन बसतं, स्वतःची आवडती वस्तू नेऊन तिथे ठेवतं. नव्या ताईंचा, नव्या खुर्चीचा, नव्या स्वच्छतागृहाचा फोटो पिशवीत. जूनमध्ये रडणं अगदी थांबतं असं नाही, पण खूप कमी होतं.

फिजिओच्या व्यायामांना सुटी नसते हे मात्र लक्षात ठेवा. स्नायू आखडले की जूनमध्ये परत आणायला फार वेळ जातो. थेरपिस्टकडून मुलाच्याच व्यायामाचा व्हिडिओ मोबाइलवर करून घ्या, आजीआजोबांनाही दाखवून ठेवा.

मखमलाबादची_आई

काल भेट झाली. थोडक्यात लिहिते.

वर्गताईंचा मूल्यमापनाचा मुद्दा मांडला आणि मुख्याध्यापिकांचा चेहराच बदलला. त्या म्हणाल्या, ‘शिक्षकांचं काम कमी होणार असेल तर मी आजच हो म्हणते.’ यंदा हॉल आधीच ठरलेला आहे, तो रद्द होणार नाही. पण मुलांनी स्टेजवर यायचं की नाही हे पालक आणि वर्गशिक्षिका मिळून ठरवतील. लुकलुकते लाइट नाहीत. शांत खोली असेल, आणि मुलांना आदल्या दिवशी दाखवली जाईल. ‘बदल’ कार्ड जूनपासून. पन्ह्याचा स्टॉल यंदा एका वर्गापुरता करून बघणार, आमच्याच वर्गाचा. पुढचं संमेलन डिसेंबरमध्ये घेण्याचा विचार संस्थेपुढे ठेवणार आहेत. ‘माझ्याबद्दल’ पुस्तकाचं काम आम्ही पालकांनी अंगावर घेतलं, दोघी जणी फोटो छापून आणणार. सहलीचं ठरलं नाही, बसमध्ये चाकाच्या दोन खुर्च्या कशा चढवायच्या यावर अडलं आहे. त्याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर लिहा.

स्टॉलवर माझ्या मुलाकडे ग्लास एका रांगेत लावायचं काम आहे. घरी सराव चालू आहे.

पंचवटी_आजोबा

छान झालं. कैऱ्या माझ्याकडून. बुधवारी बाजारातून घेईन, किती किलो लागतील ते कळवा. खुर्च्यांसाठी बस थांब्यावर फुटपाथला किती लागून उभी राहते ते बघावं लागेल. मी उद्या निमाणी बसस्थानकावर जाऊन बघतो आणि इथे लिहितो.

वर्गताई

आजोबा, चाळीस ग्लासांना आम्हाला मध्यम आकाराच्या अडीच किलो पुरतात. शक्यतो एकाच आकाराच्या घ्या, मुलांना मोजायला सोपं जातं.